समोरच्या ओट्यावरची ऊब

आमच्या बार्शीकडचं धुकं पाहुण्यासारखं असतं. ज्वारीच्या पानांवर दहिवर ठेवतं आणि उन्हं वर यायच्या आत निघून जातं. लखनौचं धुकं मुक्कामाला येतं. इथं त्याला कोहरा म्हणतात. पौषात तो एकदा चौकात शिरला की गल्लीतला दिवा दुपारपर्यंत जळत राहतो, वाळत घातलेला कपडा तीन दिवस ओला राहतो, आणि आमच्या गॅलरीपासून बारा पावलांवरचा समोरचा ओटा नाहीसा होतो. बारा पावलं मी स्वतः मोजली आहेत, एकदा रागाच्या भरात.

परवा तो परत आला. मी पहाटेच गॅलरीचं दार उघडलं, तर समोर पांढऱ्याखेरीज काहीच नाही. वास मात्र सगळे जागच्या जागी होते. कोळशाच्या अंगीठीचा, ओल्या सुताचा, कोपऱ्यावरच्या चहात पडणाऱ्या आल्याचा. खाली कुणीतरी सायकलची घंटी उगीचच वाजवत चाललं होतं, समोरून येणाऱ्याला आपण आहोत एवढं कळावं म्हणून. मी कठड्यावर हात ठेवला आणि बोटांना दोन बोल्ट लागले. गंजले आहेत. हे रोज म्हणतात, कापून टाकू, साडी अडकते. मी कापू देत नाही.

ते बोल्ट सायलीच्या यंत्राचे. यंत्र एकच हिवाळा तिथं होतं.

सायली ही यांच्या रेल्वेच्या ऑफिसातल्या एका मराठी इंजिनियरांची मुलगी. जन्म इथला, शिक्षण इथलं. मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीत येतं. दर वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत मी तिला टोकायची आणि ती दर वर्षी म्हणायची, "हाँ काकू, इस साल पक्का." त्या वर्षी दिवाळी झाल्यावर ती माझ्या दुकानात आली, कुरते बघितल्यासारखं केलं, दोन घड्या मोडल्या आणि म्हणाली, "काकू, आपकी गैलरी चाहिए. बस एक सर्दी के लिए."

"गॅलरी म्हणजे काय मंगल कार्यालय आहे का, सीझनपुरती द्यायला?"

ती हसली नाही. म्हणजे गरज खरी होती. समोरच्याची गरज खरी आहे हे कळलं की घाई करायची नाही, हे मला या गल्लीनं शिकवलं आहे. मी तिला बसवलं, चहा सांगितला आणि म्हटलं, काय ते सगळं सांग.

तिचं काम असं होतं. गल्लीतून पंधरा जण चालले आहेत. यंत्राला माणसं दिसत नाहीत, पंधरा ठिपके दिसतात. क्षणभरानं ते पुन्हा बघतं, पुन्हा पंधरा ठिपके. आता यातला कुठला ठिपका मघाच्या कुठल्या ठिपक्याचा? माणसं एकमेकांना ओलांडतात, गाड्यामागे लपतात, थांबतात, वळतात. त्यात कोहरा. "कौन सा किसका है, बस यही मेरी पीएचडी है, काकू."

"यासाठी एवढं शिकावं लागतं? लगीनसराईत मी एकटी अकरा बायकांचे अकरा कुरते ध्यानात ठेवते."

"और अगर वो ग्यारह आपस में जगह बदल लें? और बीच में बत्ती चली जाए?"

मी चहा तिच्यापुढे सरकवला. पोरगी हुशार होती.

मग मी माझा भाव सांगितला. गॅलरी दिली, वीज दिली, सकाळचा चहा दिला. बदल्यात रोज अकरा वाजता मला सांगायचं की माझ्या दुकानाच्या काचेपाशी किती जण थांबले आणि किती तसेच पुढे नाक्यावरच्या दुकानात गेले. नाक्यावरच्या दुकानाशी माझं जुनं वाकडं आहे, त्याचं कारण पुढे येईल. सायली म्हणाली, "काकू, इसमें चेहरे नहीं दिखते. सिर्फ़ गर्मी दिखती है."

"मला चेहरे नकोतच. मला पाय कुठं वळतात तेवढं सांग."

तिनं कठड्याला बोल्ट ठोकून एक डबा बसवला. त्यात उष्णता बघणारा कॅमेरा होता. रोज सकाळी साडेसातला ती येई, डबा सुरू करी आणि अकराला बंद करून जाई. मधले साडेतीन तास आम्ही दोघी एका रजईत पाय घालून तिच्या लॅपटॉपकडे बघत बसायचो.

ती चित्रं मी अजून विसरलेले नाही. बाहेर डोळ्यांना पांढऱ्याखेरीज काही दिसत नसे, आणि पडद्यावर अख्खी गल्ली चाललेली असे. भिंती काळसर, माणसं उजळ. जाड कोट घातलेला माणूस मंद दिसे, त्याचा चेहरा मात्र विस्तवासारखा. इथं थंडीत शेळ्यांना जुने स्वेटर घालतात. त्या शेळ्या पडद्यावर धड नसलेल्या दिसायच्या, नुसती चार पायांवर चाललेली लखलखीत तोंडं. चहावाल्याची किटली म्हणजे सूर्य. कुणी हातात पेला घेऊन चाललं की काजवा चालला आहे असं वाटे. आणि प्रत्येकाभोवती हिरवी चौकट, चौकटीवर नंबर.

नंबर चुकले की सायलीचा जीव जाई. एकदा सत्तावीस नंबरचा दूधवाला मक्खन-मलाईवाल्यापाशी थांबला. मक्खन-मलाई म्हणजे इथला थंडीतला दुधाचा फेस, जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. दोघं काही बोलले, हसले असावेत, कारण दोन्ही चेहरे एकदम उजळले. मग निघाले. तर सत्तावीस नंबर मक्खन-मलाईचं तबक डोक्यावर घेऊन चाललेला आणि दूध एकतीस नंबरच्या सायकलवर.

"बघ, तुझ्या यंत्रानं दोघांचे धंदे बदलले."

"हे भगवान," सायली रजईत तोंड खुपसून म्हणाली, "सुबह से चौथी बार."

मी तिला वाटीत मक्खन-मलाई मागवून दिली. मला मूलबाळ नाही. तिला केस मागे सारत, ओठ चावत पडद्याशी भांडताना बघून मला बरं वाटे. मी तिच्या वयाची असताना एक पिशवी कुरते घेऊन बार्शीला गेले होते आणि दारोदार फिरून विकून आले होते. यांची बदली होऊन आम्ही लखनौला आलो तेव्हा इथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. मी कुणाच्या शिफारशीवर उभी राहिले नाही. आज पुण्या-सोलापुरातली दुकानं माझ्याकडून चिकनकारीचे कुरते घेतात. हे मी सांगते कारण पुढचं कळायला ते लागतं.

चिकनकारीचं काम असं असतं की आधी लाकडी ठप्प्यानं कापडावर निळं चित्र उमटवतात. ते निळं कच्चं असतं. मग घराघरांत बायका त्या रेघांवरून टाका घालतात आणि शेवटी धुतलं की निळं निघून जातं, टाका उरतो. ठप्पा मारणारा कारीगर आमच्या समोरच राहायचा. हाशिम मास्टर. माझी पहिली पिशवी त्यांच्याच हाताखालून गेली होती. त्यांचा हात असा की दहा मीटर कापडावर एक बूटा तिरका पडायचा नाही.

मी एक ठप्पा करून घेतला होता. ज्वारीच्या कणसाचा. लखनौत आंबा-कोयरी आहे, मासळी आहे, पण कणीस कुणाकडे नव्हतं. चित्र मी काढलं, लाकूड मी निवडलं, कोरणाऱ्याकडे चार वेळा मी हेलपाटे घातले. तो ठप्पा मास्टरांकडे राहायचा. ओढणीच्या पदराला आणि कुरत्याच्या काठाला कणसाची एक ओळ. माझी ओळख त्या ओळीवर झाली. आणि एका थंडीत मी नाक्यावरच्या दुकानात कणीस बघितलं. माझंच कणीस, अख्ख्या कुरत्यावर, गळ्यापासून घेरापर्यंत.

मी तशीच तरातरा गेले. बारा पावलं तेव्हाच मोजली गेली. मास्टर ओट्यावर बसले होते.

"छापा ना तुमने? मेरा ठप्पा?"

त्यांनी मान वर केली. म्हणाले, "बहू, डिज़ाइन किसी की जागीर नहीं होती."

मी त्यांना चोर म्हणाले. भर गल्लीत, दोन वेळा. त्या दिवसापासून मी दुसऱ्या मोहल्ल्यातल्या कारीगराकडे छपाई द्यायला लागले. आमचा ठप्पाही परत मागितला नाही. मागायचा तर बोलावं लागलं असतं. मला त्या माणसाकडून एवढंच हवं होतं, 'हमसे ग़लती हुई.' तीन शब्द. नऊ वर्षं मी रोज सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि रोज ते समोर बसलेले होते, कांबळं गुंडाळून, पायांशी अंगीठी घेऊन, आणि ते तीन शब्द त्यांनी एकदाही काढले नाहीत. आमचे हे मात्र रोज ऑफिसला जाताना "आदाब चचा" करायचे. त्यावरून घरात जेवढी भांडी आपटायची तेवढी मी आपटली आहेत.

तर त्या हिवाळ्यात दोनेक आठवडे झाले आणि माझ्या एक ध्यानात आलं. पडद्यावर सगळे होते. दूधवाला, शेळ्या, शाळेला निघालेल्या मुली, नाक्यावरचा तो शेठसुद्धा. मास्टर नव्हते. समोरच्या ओट्याच्या जागी नुसता भिंतीचा रंग. मी कठड्यावरून वाकून बघितलं. कोहरा जरा विरळ होता. मास्टर बसलेले होते, दगडासारखे.

सायलीनं सांगितलं, "वो हिलते नहीं ना, काकू. मशीन पहले कुछ दिन सीखती है कि गली खाली हो तो कैसी दिखती है. जो चीज़ रोज़ एक ही जगह है, उसको दीवार समझ लेती है. फिर उसको घटा देती है."

खरंच होतं ते. कोहऱ्यात कापड वाळत नाही, त्यामुळे मास्टरांची छपाई दुपारी चालायची. सकाळी ते नुसते बसायचे. आम्ही डबा सुरू करायच्या आधीपासून आणि बंद केल्यानंतरही.

मी खूप हसले. इतकी की रजईतून पाय बाहेर आले. संध्याकाळी यांना म्हटलं, "तुमच्या चचांना यंत्रानं भिंतीत घातलं."

हे बूट काढत होते. म्हणाले, "तू नऊ वर्षांपूर्वीच घातलंस."

त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायला विसरले, एवढंच सांगते.

मग एका सकाळी समोरच्या ओट्यावर हिरवी चौकट उमटली. चारशे बारा नंबर. आत बसलेल्या माणसाचा आकार, डोक्यावरून कांबळं घेतलेला, पायांशी अंगीठीचा गोळा. मी म्हटलं, "घे. दिसला एकदाचा तुझा म्हातारा. हलला असेल."

सायली पडद्याकडे बघत राहिली. "काकू, ये उल्टा है. ये काला है."

होतं खरं. बाकी माणसं उजळ आणि हा आकार काळा. ती उठून कठड्यापाशी गेली. कोहरा दाट होता, आम्ही दोघी थांबलो. मशिदीच्या बाजूनं जरा वारा आला आणि समोरचं दार दिसलं. दाराला कुलूप होतं. ओटा रिकामा. अंगीठीच्या जागी राखेचा गोल.

सायली आत येऊन हळू बोलायला लागली, जसं घरात कुणी आजारी असताना बोलतात. मास्टर आणि त्यांची अंगीठी मिळून तिथं जी ऊब होती, तीच यंत्रानं गल्लीचा भाग म्हणून शिकून ठेवली होती. आता ऊब नाही. फरक पडला. आणि फरक पडला म्हणजे कुणीतरी आलं, एवढंच यंत्राला कळतं. माणूस गेला हे त्याला कळत नाही.

"इसको हमारे यहाँ घोस्ट ही बोलते हैं," ती म्हणाली. "भूत."

माणूस होता तेव्हा दिसला नाही, गेल्यावर दिसला. मी तिला म्हटलं, हे तुझ्या यंत्राचं नाही, सगळ्या जगाचंच असं आहे.

यांना विचारलं. यांना माहीत होतं. काकोरीहून मास्टरांची मुलगी नसीम आली होती आणि खोकला बरा होत नाही म्हणून त्यांना घेऊन गेली होती. "काल दुपारी. तू दुकानात होतीस. कुलूप लावेपर्यंत ते वर बघत उभे होते."

"वर कुठं?"

"गॅलरीकडे. यंत्र बघत असतील."

"परत कधी येणार?"

"आता तिकडेच राहणार म्हणे. नसीम म्हणत होती, ईदनंतर खोली देऊन टाकू."

म्हणजे माझे तीन शब्द काकोरीला गेले होते आणि परत यायचे नव्हते. मी नऊ वर्षं थांबले होते, कारण माणूस समोर होता. समोरचा माणूस कधीही बोलू शकतो, या हिशेबावर मी बिनघोर रागावून होते. आता तो हिशेबच कोसळला.

दुसऱ्या दिवशी सायलीनं सांगितलं की त्या भुतानं तिचे सगळे नंबर नासवले आहेत. "जो भी वहाँ से निकलता है, भूत का नंबर उठा ले जाता है. काकू, मैं मशीन को दोबारा सिखा देती हूँ. एक बटन है."

"आणि मग?"

"मग..." पहिल्यांदाच ती मराठीत अडखळली, "मग ओटा रिकामा."

"बटण दाबायचं नाही."

"काकू, अगले शुक्रवार को गाइड को रिज़ल्ट दिखाना है!"

"मग गुरुवारपर्यंत."

"ये कोई कुरता है जो आप भाव कर रही हैं?"

"गॅलरी कुणाची?"

ती कपाळाला हात लावून बसली. मग म्हणाली, बटण नाही दाबलं तरी भूत राहणार नाही. यंत्र रोज थोडं जुनं विसरतं, थोडं नवं शिकतं. आठ-दहा दिवसांत त्याला वाटायला लागेल की ओटा असाच असतो, रिकामा.

तसंच झालं. रोज सकाळी चहाआधी मी पडदा बघायची. आधी कांबळं गेलं. कांबळ्यातून ऊब कमीच यायची, त्यामुळे त्याचा फरकही कमी. मग खांदे गेले. उरला चेहऱ्याचा एक काळा ठिपका आणि पायांशी अंगीठीचा. दोन ठिपके, मधे काही नाही. चौकट लहान होत होत वहीएवढी झाली. बुधवारी सकाळी ती लुकलुकत होती, असायची आणि नसायची. मी शाल घेतली आणि खाली उतरले.

ऑटोवाल्याशी मी भाव न करता बसले. तो मला ओळखतो. आरशात बघून म्हणाला, "भाभी, घर में सब ख़ैरियत?"

काकोरीपर्यंत दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा. कोहऱ्यात झाडं एकेक करून पुढे यायची आणि मागे जायची, जणू आम्ही थांबलोय आणि बागाच चालल्यात. संक्रांत नुकतीच झाली होती, घरात तिळगुळाचा डबा भरलेला होता, पण मी तो घेतला नव्हता. मी काही गोड बोलायला चालले नव्हते.

नसीमनं दार उघडलं आणि मला बघून ओढणीनं तोंड झाकलं. हसू होतं की भीती, कुणास ठाऊक. मास्टर अंगणात बाजेवर बसले होते, रजईत. लहान झाले होते. खोकला होताच. त्यांनी मला बघितलं, जागा करून दिली आणि जणू मी रोज येते अशा आवाजात म्हणाले, "बैठो बहू. तुम्हारी वो मशीन क्या देखती है?"

मी ऑटोत बसून बोलायचं सगळं ठरवलं होतं. त्यातलं काहीही आलं नाही. मी यंत्राचंच सांगायला लागले. ते असताना दिसले नाहीत आणि गेल्यावर दिसायला लागले, आठ दिवस त्यांची रिकामी जागा ओट्यावर बसून आहे, ते सगळं. ते मान एका बाजूला करून ऐकत होते, ठप्पा कापडावर टेकवण्याआधी करायचे तशी.

"मतलब हम बिना बैठे भी बैठे हैं," ते म्हणाले. "फिर हमारी क्या ज़रूरत?"

आणि हसता हसता खोकले. नसीम पाणी घेऊन धावली. त्यांनी हातानं तिला थांबवलं आणि माझ्याकडे बघून, मी न विचारताच म्हणाले, "छापा था. हमने ही छापा था, तुम्हारा वो भुट्टा."

"भुट्टा नाही! कणीस!" मी मराठीतच ओरडले. "ज्वार की बाली!"

"जो भी हो. तुम उसको एक ही क़तार में छपवाती थीं. किनारे-किनारे, जैसे बेचारा सज़ा काट रहा हो. हमने तीन बार कहा, बहू, इसको पूरे कुरते पर खेलने दो. तुम सुनती कहाँ थीं. हाथ में हरदम जल्दी, ज़बान पर हरदम भाव. हमें देखना था कैसा लगेगा. नुक्कड़ वाले सेठ ने कहा छापो, हमने छाप के देख लिया."

"आणि मला विचारायचं नाही?"

"विचारलं था ना, तीन बार." 'विचारलं' हा शब्द त्यांनी मराठीतच म्हटला. आमच्या घरासमोर एवढी वर्षं राहून किती काय त्यांच्या कानात जाऊन बसलं होतं, कुणास ठाऊक.

"मग म्हणा आता, गलती हुई."

"नहीं हुई."

"मास्टरजी!"

"चोर कहा तुमने. वो तुम्हारी ग़लती. छापा हमने. वो ग़लती नहीं थी. अच्छा लगा था. तुमने देखा नहीं?"

मी बघितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्या दुकानात, संतापायच्या आधी एक क्षण, मला तो कुरता फार आवडला होता. वाऱ्यावर अख्खं शेत हलावं तसा. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. तेव्हापासून मी चिडले होते ती चोरीवर जेवढी, तेवढीच बहुतेक त्या एका क्षणावर.

मग आम्ही भांडलो. तास-सव्वा तास. लाकडावरून, निळीवरून, नाक्यावरच्या शेठच्या दानतीवरून, माझ्या त्या दुसऱ्या कारीगरावरून, ज्याचे बूटे म्हणे दारू प्यायल्यासारखे पडतात. नसीम दोन वेळा चहा ठेवून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिथंच बसली आणि म्हणाली, "चाची, अब्बू इतना तो महीने भर में नहीं बोले."

निघताना मी म्हटलं, "चोर शब्द परत घेते. बाकी काही नाही. तुमची गलती ती गलतीच. पण ती इथं नाही, आपल्या ओट्यावर बसून कबूल करायची."

"और न करें तो?"

"तर मी रोज विचारीन."

त्यांनी रजईचं टोक पायाखाली नीट दाबून घेतलं.

शुक्रवारपर्यंत पडद्यावरचे दोन्ही ठिपके गेले होते. सायलीला बटण दाबावं लागलंच नाही. यंत्र ओटा रिकामा असतो हे शिकलं होतं. तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला, मग माझ्याच बाजूला सरकून रजई दोघींवर नीट ओढली.

दोन आठवड्यांनी, माघातल्या एका तशाच पांढऱ्या सकाळी, पडद्यावर समोरचं दार उघडलं. एक उजळ माणूस वाकत वाकत बाहेर आला, मागून एक बाई, तिच्या हातात विस्तव. माणूस ओट्यावर बसला. नंबर सहाशे नव्वद.

"काकू! अंकल!" सायली ओरडली. "नया नंबर मिला है. मशीन ने पहचाना नहीं इनको."

"न ओळखू दे. मी ओळखते."

ती माझ्याकडे बघून हसली आणि मग एकदम गंभीर झाली. "पर अगर हिलेंगे नहीं ना, तो हफ़्ते-दस दिन में फिर दीवार में चले जाएँगे."

मी रजई टाकली, गॅलरीत गेले. समोर काहीही दिसत नव्हतं. पूर्ण दम लावून ओरडले, "मास्टरजी! ग़लती हुई?"

आत पडद्यावर हात वर गेला. सायली म्हणाली, तळहात चांगला उजळ दिसला.

तो हिवाळा मी असा घालवला. दर अर्ध्या तासानं गॅलरीत जायचं आणि ओरडायचं. गल्लीला वाटलं भाभीचं डोकं फिरलं. हे म्हणाले, तुमचं भांडण मिटलं की वाढलं, ते तरी सांगा. सायलीचे गाइड म्हणे रिझल्ट बघून विचारत होते की हा एक माणूस दर अर्ध्या तासानं हात का हलवतो.

सायली आता बंगळूरला नोकरी करते. डबा तिच्या संस्थेत परत गेला. फोनवर कामाचं बोलून झालं की विचारते, "अंकल हिल रहे हैं ना?" फाल्गुनात कापड वाळायला लागतं, तेव्हा मास्टर थरथरत्या हातानं थोडी छपाई करतात. माझीच. आता काही बूटे तिरके पडतात. गेल्या वर्षी त्यांनी कणीस अख्ख्या कुरत्यावर खेळवलं. पुण्याहून तोच पुन्हा मागवला आहे. चांगला दिसतो. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

यंदा खोकला जास्त आहे. नसीम इथंच राहायला आली आहे, काकोरीची बाजही आणली आहे. अंगीठी सकाळी लवकर पेटते. परवा कोहरा परत आला, पण आता माझ्याकडे पडदा नाही, चौकट नाही, नंबर नाही. बारा पावलांवर काय आहे ते दिसत नाही. थोडा वेळ मी तशीच उभी राहते आणि त्या थोड्या वेळाची मला भीती वाटते.

मग मी ओरडते. आजही ओरडले, "मास्टरजी! ग़लती हुई?"

बराच वेळ काही नाही. खोकला. मग त्या पांढऱ्यातून, खरखरीत आणि अगदी ठाम, "नहीं हुई!"

मी आत येऊन चहाचं आधण ठेवलं.